डीएम न्यूरॉलॉजीची तीन वर्षे: काय शिकायचे, कुठे शिकायचे आणि फेलोशिप कधी घ्यायची

प्रश्न असा आहे: एमडी मेडिसिनचे दुसरे वर्ष चालू आहे आणि न्यूरॉलॉजीची (मेंदू, मज्जारज्जू आणि नसांच्या आजारांच्या शाखेची) ओढ आहे. डीएम या एमडीनंतरच्या पदवीच्या तीन वर्षांत खरोखर काय शिकतात, जागा निवडताना काय पाहावे, पुढे फेलोशिप (एका उपशाखेचे जादा प्रशिक्षण) करावीच लागते का, आणि अमेरिकेचा रस्ता बरा का?

मुख्य गोष्ट आधी सांगतो. न्यूरॉलॉजीचे प्रशिक्षण म्हणजे एक सवय लावून घेणे. रुग्णाची हकीकत ऐकायची, त्याला नीट तपासायचे, आणि एमआरआय उघडण्याआधी केसपेपरवर लिहायचे की बिघाड कुठे आहे: मेंदूच्या वरच्या थरात, खोल गाभ्यात, ब्रेनस्टेममध्ये, मज्जारज्जूत, नसेच्या मुळाशी, नसेत, नस आणि स्नायू जुळतात तिथे, की स्नायूतच. आजार कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा. ही सवय ज्या विभागात लागते तो विभाग शिकायला चांगला, मग त्याचे नाव मोठे असो वा नसो.

रस्ता तुम्हाला ठाऊक असेलच, तरी एकदा मांडतो. साडेचार वर्षे एमबीबीएस, एक वर्ष इंटर्नशिप, तीन वर्षे एमडी मेडिसिन (बालरोगातले एमडीही चालते), मग तीन वर्षे डीएम न्यूरॉलॉजी किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीआरएनबी ही तशीच पदवी. बारावीनंतर साडेअकरा वर्षे झाली, आणि यात प्रवेशपरीक्षेत गेलेली वर्षे धरलेली नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत एमबीबीएसनंतर थेट डीएमला घेणारा दीर्घ मुदतीचा अभ्यासक्रमही राहिला आहे, पण एमडी चालू असलेल्याला त्याचा उपयोग नाही.

प्रवेशासाठी नीट-एसएस ही सुपरस्पेशालिटीची देशव्यापी परीक्षा. १५० प्रश्न, ६०० गुण, बरोबर उत्तराला ४ आणि चुकीला उणे १. अनेकांची इथेच दिशाभूल होते. पेपर मेडिसिन गटाचा असतो, म्हणजे हृदय, मूत्रपिंड, यकृत, रक्त, संधिवात सगळे त्यात येते. नुसती न्यूरॉलॉजी घोकून बसलेला विद्यार्थी तिथे मागे पडतो. एम्स, पीजीआय चंडीगड, जिपमर, निम्हान्स यांच्यासाठी आयएनआय-एसएस ही परीक्षा वेगळी, आणि तिथे लेखीनंतर विभागाकडून प्रत्यक्ष मूल्यमापन होते. महाराष्ट्रातल्या शासकीय किंवा महापालिकेच्या महाविद्यालयातून सुपरस्पेशालिटी केली तर बंधपत्राची सेवा असते. प्रवेशाच्या वेळी त्या वर्षीचा नियम स्वतः वाचा, सीनियरने सांगितलेल्या जुन्या नियमावर जाऊ नका.

एमडीचे उरलेले दीड वर्ष वाया घालवू नका. डीएमला आल्यावर मेडिसिन पुन्हा शिकायला वेळ मिळत नाही, आणि न्यूरॉलॉजीच्या वॉर्डात मेडिसिन पदोपदी लागते: एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके), रक्तातले सोडियम ११० पर्यंत उतरलेला रुग्ण, व्हेंटिलेटरची सेटिंग्ज, ल्यूपस, एचआयव्ही. आयसीयूची पोस्टिंग मनापासून करा. आणि आजपासून ऑप्थॅल्मोस्कोप हातात घ्या. रोज दोन रुग्णांच्या डोळ्यांचा पडदा पाहिला तर वर्षभरात पॅपिलिडिमा (डोक्यातला दाब वाढल्याने डोळ्याच्या नसेला येणारी सूज) ओळखता येतो. डीएमला आल्यावर कॉलच्या धावपळीत हे कौशल्य येत नाही, आणि मग ते कायमचे राहून जाते.

जागा निवडताना चकचकीत इमारत किंवा मशीनची यादी पाहू नका. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला गाठा आणि विचारा. ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) कोण वाचतो, तुम्ही की फक्त सर? एनसीएस (नसांच्या वेगाची चाचणी) तुम्ही स्वतः करता की टेक्निशियन करून देतो आणि तुम्ही सही करता? रात्री दोनला स्ट्रोक आला तर थ्रॉम्बोलिसिसचा (गुठळी विरघळवणारे औषध देण्याचा) निर्णय कोण घेतो, आणि कन्सल्टंट फोनवर असतात की येतात? न्यूरोरेडिओलॉजीसोबत आठवड्याची बैठक होते का? लहान मुलांच्या न्यूरॉलॉजीची पोस्टिंग आहे का? डिस्चार्ज झालेला रुग्ण तीन महिन्यांनी परत तुमच्याकडेच येतो का? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आपण केलेले निदान बरोबर होते की नाही, हे फॉलोअपशिवाय कळत नाही, आणि चूक कळल्याशिवाय कोणी शिकत नाही.

केईएम, सायन, नायर, जेजे यांसारख्या मुंबईच्या रुग्णालयांत रुग्णसंख्या प्रचंड असते. ज्या आजाराचे पुस्तकात एक पान असते त्याचे दहा रुग्ण तीन वर्षांत पाहायला मिळतात. याची दुसरी बाजू अशी की ओपीडीत एका रुग्णाला दहा मिनिटे देणेही कठीण जाते, आणि तपासणी अर्धवट करायची सवय लागते. निम्हान्स किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत उपविभाग वेगळे, चर्चा खोलवर, पण साधे रोजचे आजार त्या मानाने कमी. माझ्या मते पहिल्या डीएमसाठी गर्दीचे सर्वसाधारण रुग्णालय बरे, फक्त तिथे राउंडवर रुग्णाला पुन्हा तपासणारा एक तरी शिक्षक हवा.

आता प्रत्यक्ष शिकण्याकडे. हकीकत घेणे हे यातले पहिले आणि सर्वांत अवघड कौशल्य, आणि ते रुग्णाच्याच भाषेत शिकावे लागते. 'चक्कर येते' म्हणणारा रुग्ण चारपैकी एक गोष्ट सांगत असतो: भोवतालचे सगळे गरगर फिरते, उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, चालताना तोल जातो, किंवा नुसते डोके हलके वाटते. पहिली तक्रार कानाकडे किंवा ब्रेनस्टेमकडे नेते, दुसरी रक्तदाबाकडे, तिसरी लहान मेंदूकडे किंवा पायांच्या संवेदनेकडे. 'बधिर' हा शब्दही फसवा आहे. ताकद गेली तरी बरेच जण 'हात बधिर झाला' म्हणतात. 'अंगावरून वारं गेलं' म्हणजे अर्धांगवायू, पण काही गावांत तोंड वाकडे झाले तरी तेच म्हणतात. केसपेपरवर 'गिडिनेस' किंवा 'नंबनेस' असे भाषांतर लिहिले की माहिती तिथेच हरवते. रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहा.

पायांच्या तक्रारीत एक प्रश्न कधी सोडू नका: 'चप्पल पायातून निसटते का?' हो म्हटले तर लगेच दुसरा: 'निसटल्याचे तेव्हाच कळते का?' निसटल्याचे कळते पण बोटांनी धरून ठेवता येत नाही, तर ताकद गेली आहे. कळतच नाही, चार पावले पुढे गेल्यावर अनवाणी पायाकडे पाहून लक्षात येते, तर संवेदना गेली आहे. या दोन प्रश्नांत नसेच्या आजाराची निम्मी वाटचाल होते. उकिडवे बसून उठताना हाताचा आधार लागतो का, यातून कंबर आणि मांडीचे स्नायू कळतात. दोरीवर कपडे वाळत घालणे, वेणी घालणे यातून खांदे. भात कालवून घास करणे, कुलपात किल्ली फिरवणे यातून पंजा. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की बेसिनवर पुढे झोक जातो का, 'पायाखाली कापूस ठेवल्यासारखे' वाटते का, हे मज्जारज्जूच्या मागच्या भागाचे प्रश्न, आणि रुग्ण शाकाहारी असून दूधही फारसे घेत नसेल तर बी-१२ च्या कमतरतेची आठवण तिथेच व्हावी.

फिटच्या बाबतीत रुग्णापेक्षा पाहणाऱ्याची साक्ष मोलाची. डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले? जीभ चावली तर कडेला की टोकाला? किती मिनिटे? नंतर किती वेळ गोंधळलेला होता? नातेवाइकांना पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा, आणि रुग्णाचे तोंड झाकून नव्हे, चेहऱ्यासकट काढायला सांगा. असा एक व्हिडिओ अनेकदा ईईजीपेक्षा जास्त सांगून जातो.

मग वेळेचा आलेख. काही सेकंदांत किंवा मिनिटांत सुरू झाले तर रक्तवाहिनी किंवा फिट. तासांत किंवा दिवसांत वाढले तर संसर्ग किंवा दाह. आठवडे ते महिने लागले तर गाठ, क्षयरोग, कमतरता. वर्षे लागली तर झीज किंवा आनुवंशिक. हकीकतीवरून 'काय', तपासणीवरून 'कुठे'. दोन्ही जुळत नसतील तर तपासणी पुन्हा करा, लॅब-स्कॅनच्या चाचण्या वाढवू नका.

तपासणीतली एकच गोष्ट जवळून दाखवतो, तळव्याचा रिफ्लेक्स. गुडघा सरळ, पाय उबदार, रुग्णाला आधी सांगितलेले. हॅमरच्या दांड्याचे बोथट टोक टाचेच्या बाहेरच्या कडेपासून करंगळीच्या मुळाकडे हळू, पाच-सहा सेकंद घेऊन न्यायचे आणि अंगठ्याच्या चवड्याजवळ थांबायचे. बोटांच्या मुळांना लागले की बोटे आपोआप खाली वळतात आणि निकाल खोटाच नॉर्मल मिळतो. पाहायची ती अंगठ्याची पहिली हालचाल: खाली वळला तर ठीक, वर गेला तर मेंदू ते मज्जारज्जू या मार्गात बिघाड. गुदगुल्या होऊन सगळा पाय मागे ओढला गेला तर ते उत्तर नाही, कमी दाबाने पुन्हा करा. शेतात अनवाणी राबलेल्या माणसाचा तळवा जाड, भेगाळलेला असतो आणि तिथे काहीच उमटत नाही. तेव्हा बाहेरच्या घोट्याखालून पावलाच्या कडेने रेघ ओढायची, त्याला चॅडॉकची पद्धत म्हणतात. पहिल्या वर्षाचे बरेच रेसिडेंट 'प्लांटर म्यूट' (तळव्याचा प्रतिसाद नाही) लिहून पुढे जातात आणि मज्जारज्जूवरचा दाब हुकतो. तसेच १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क: 'जाणवते का' असे विचारू नका, 'थांबले की सांगा' म्हणा, आणि तो लगेच स्वतःच्या बोटावर ठेवून अजून कंप येतो का ते पाहा.

निव्वळ तपासणीतून काय साधते याचे उदाहरण मुंबईतलेच आहे. जेजे रुग्णालयातल्या डॉ. नोशिर वाडिया यांनी सहकाऱ्यासोबत १९७१ मध्ये नऊ कुटुंबांचे वर्णन प्रसिद्ध केले. चालताना तोल जाणारे हे रुग्ण एका बोटाकडून दुसऱ्या बोटाकडे पाहताना डोळे अतिशय संथ हलवत. जनुकीय चाचणी तेव्हा नव्हतीच. ते जनुक १९९६ मध्ये सापडले आणि आज आपण त्या आजाराला एससीए-२ म्हणतो. अटॅक्सियाच्या (तोल जाण्याच्या आजाराच्या) प्रत्येक रुग्णाला आजही दोन बोटे दाखवून डोळ्यांचा वेग पाहायचा असतो. त्याला अर्धा मिनिट लागतो आणि खर्च काही नाही.

वर्षांची विभागणी बहुतेक ठिकाणी सारखी असते. पहिले वर्ष वॉर्ड, कॅज्युअल्टी आणि इतर विभागांचे रेफरन्स. दुसरे वर्ष ईईजी-ईएमजीची (मेंदू आणि स्नायूंच्या विद्युत तपासणीची) लॅब, बालन्यूरॉलॉजी, न्यूरोसर्जरी, मानसोपचार यांच्या पोस्टिंग. तिसरे वर्ष ओपीडीतले निर्णय, प्रबंध किंवा शोधनिबंध, आणि परीक्षा. खरी घडण पहिल्या वर्षात होते, कारण रात्री तुम्ही एकटे असता.

स्ट्रोकमध्ये घोटाळा होतो तो वेळेत आणि वजनात. 'लकवा कधी आला' असे विचारले तर नातेवाईक लक्षात आल्याची वेळ सांगतात. विचारायचे असते ते 'शेवटचे ठणठणीत कधी पाहिले?' रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी सहाला हात उचलत नाही, तर घड्याळ दहापासून सुरू होते. साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे अल्टेप्लेस किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. वजन ६० किलो तर ५४ मिलिग्रॅम: त्यातले ५.४ एका मिनिटात शिरेतून आणि उरलेले ४८.६ एका तासात. टेनेक्टेप्लेस वापरत असाल तर किलोमागे ०.२५, कमाल २५, एकाच बोलसमध्ये (एका दमात शिरेतून). वजन डोळ्यांनी अंदाजे धरणे ही नेहमीची चूक, कॅज्युअल्टीत वजन करता येणारा पलंग नसेल तर तो मागून घ्या. रक्तदाब १८५/११० च्या खाली आल्याशिवाय औषध सुरू करायचे नाही. साखर पाहिल्याशिवाय काहीच नाही, कारण साखर ४० ला गेलेला मधुमेही हुबेहूब अर्धांगवायूसारखा दिसू शकतो. आणि स्ट्रोकची तीव्रता मोजणारा एनआयएचएसएस हा गुणांक कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नका. लहान मेंदूचा मोठा स्ट्रोक त्या मापनात ३ किंवा ४ गुणांत बसतो, रुग्णाला बसवून आणि चालवून पाहिले तरच कळतो.

सतत चालणाऱ्या फिटमध्ये चूक असते ती अर्धवट डोसची. लोराझेपाम किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, एका वेळी ४ पर्यंत. ६० किलोच्या माणसाला १ मिलिग्रॅम देऊन वाट पाहत बसणे हे सर्रास दिसते, आणि त्यात मोलाची वीस मिनिटे जातात. त्यानंतर लेव्हेटिरासेटाम किलोमागे ६०, कमाल ४५०० मिलिग्रॅम, किंवा व्हॅलप्रोएट ४०, कमाल ३०००. फिट बाहेरून थांबली पण रुग्ण शुद्धीवर येत नाही, तर ईईजी लावल्याशिवाय 'थांबली' म्हणू नका.

जीबीएसचे (गिलां-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते) महत्त्व पुण्याला वेगळे सांगायला नको. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात हे रुग्ण एकदम वाढले होते. अशा रुग्णाला ऑक्सिमीटरवर तोलू नका, ऑक्सिजन खाली येतो तो अगदी शेवटी. एका श्वासात आकडे मोजायला लावा. वीसपर्यंतही पोहोचता आले नाही तर आयसीयूत हलवा. मान उचलता येते का ते दर काही तासांनी पाहा. आयव्हीआयजी (शिरेतून द्यायची प्रतिपिंडे) किलोमागे एकूण २ ग्रॅम, पाच दिवसांत. ६० किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. हा खर्च कुटुंबाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावा लागतो, आणि प्लाझ्मा एक्स्चेंज (रक्तद्रव बदलणे) हा तितकाच गुणकारी पर्याय आहे हेही. पहिल्या आठवड्यात एनसीएस जवळपास नॉर्मल येऊ शकते. एफ-वेव्ह (नसेच्या मुळापर्यंत जाऊन परतणाऱ्या लहरी) गेलेल्या आणि पायाची सुरल नस शाबूत, एवढ्यावर निदान धरायला शिकावे लागते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून रुग्णाला घरी पाठवणे ही जिवावर बेतणारी चूक आहे.

याच जागी मण्यार सांगायला हवी, कारण परदेशी पुस्तकांत तिला जेमतेम एक ओळ मिळते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही, हातपाय लुळे पडतात. दंशाची खूण सापडत नाही, सूज नाही. जीबीएस किंवा मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) म्हणून तो पाठवला जातो. सगळे स्नायू बंद पडल्यावर बाहुल्याही स्थिर होतात आणि तो मेंदूमृत भासतो, आतून मात्र तो ऐकत असतो. भारतीय कायद्यानुसार मेंदूमृत्यूची तपासणी सहा तासांच्या अंतराने दोनदा आणि चार डॉक्टरांच्या मंडळाने करायची असते, पण त्याही आधीची पायरी म्हणजे असे विष आणि औषधांचा अंमल वगळणे. ही पायरी गाळणारा रेसिडेंट कितीही हुशार असला तरी धोकादायक आहे. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत होणारी गुठळी, टीबीचा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह), डोक्यातले सिस्टिसर्कोसिस (फीतकृमीच्या अळ्यांच्या गाठी): आपल्याकडच्या न्यूरॉलॉजिस्टचे हे रोजचे काम आहे.

लंबर पंक्चर (कमरेत सुई घालून मज्जारज्जूभोवतीचे पाणी काढणे) सगळे करतात, प्रेशर मात्र फार थोडे मोजतात. कुशीवर, गुडघे पोटाशी, दोन्ही खांदे एकावर एक सरळ. पाणी आले की पाय थोडे सैल करायला सांगा, मग मॅनोमीटर (दाब मोजणारी नळी) लावा. पोट आवळलेले असताना मोजलेला आकडा खोटा जास्त येतो. प्रौढात दाब पाण्याच्या २५ सेंटिमीटरच्या वर गेला तर डोकेदुखीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. टीबीची शंका असेल तर दोन मिली पाठवून काही होत नाही, निदान ६ मिली तरी वेगळे द्या. सोबत त्याच वेळची रक्तातली साखर घ्या. सुई काढण्याआधी स्टायलेट (सुईच्या आतली तार) परत घाला.

लॅबच्या पोस्टिंगकडे आरामाचे महिने म्हणून पाहिले जाते, ते चुकीचे आहे. एनसीएसमध्ये थंड हात हा सर्वांत मोठा चकवा. हाताची त्वचा ३२ अंशांच्या खाली असेल तर वेग खोटा कमी येतो, अंशामागे साधारण दीड ते अडीच मीटर प्रतिसेकंद. एसीच्या खोलीत डिसेंबरात केलेल्या तपासणीत निरोगी माणसाला न्यूरोपॅथी चिकटते. आधी कोमट पाण्यात हात, मग इलेक्ट्रोड. ईईजीत धोका उलटा आहे, तिथे नको ते दिसते. झोपेत येणाऱ्या विकेट लहरी, टोकदार दिसणाऱ्या साध्या लहरी, हलणारी वायर, यांना 'एपिलेप्टिफॉर्म' (फिटची खूण) म्हटले की बेशुद्ध पडलेली एखादी मुलगी वर्षानुवर्षे औषधे घेते आणि तिचे लग्न, नोकरी, गाडी चालवणे सगळे अडते. ईईजीच्या एका ओळीमुळे कुणाचे आयुष्य बदलते याची जाणीव ठेवून वाचा. तीन वर्षांत स्वतः वाचून नंतर सरांकडून तपासून घेतलेले पाचशे ईईजी आणि स्वतःच्या हाताने केलेल्या दोनशे एनसीएस, एवढे माझ्या मते किमान असावे. वहीत प्रत्येकाचा आपला अंदाज आणि अंतिम अहवाल शेजारी शेजारी लिहा. मतभेद झालेली पानेच पुढे कामी येतात.

परीक्षेत सहसा चार लेखी पेपर, एक लाँग केस, काही शॉर्ट केस आणि तोंडी. नापास होणारे बहुतेक जण ज्ञान कमी म्हणून होत नाहीत. लाँग केसमध्ये सापडलेली चिन्हे आणि सांगितलेली जागा यांचा मेळ बसत नाही, आणि परीक्षकाने टोकले की ते चिन्हच बदलतात. सापडले ते सांगा, ठाम राहा.

फेलोशिपबद्दल. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वसाधारण न्यूरॉलॉजी करायची असेल तर चांगल्या डीएमनंतर ती लागत नाही. लागते ती चार कामांसाठी: अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधीची व्हिडिओ-ईईजी तपासणी, पार्किन्सनच्या डीबीएसचे (मेंदूत बसवलेल्या विद्युत उपकरणाचे) प्रोग्रॅमिंग, गुंतागुंतीचे स्नायू-नसांचे आजार, आणि रक्तवाहिनीतून गुठळी काढणे. पहिल्या तिन्हींना बहुधा एक वर्षाची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप पुरते. निम्हान्स आणि श्री चित्रा येथे अशा जागा आहेत, आणि अपस्माराच्या शस्त्रक्रियेचा श्री चित्राचा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. न्यूरोइंटरव्हेन्शन, म्हणजे रक्तवाहिनीतून करायचे चौथे काम, मात्र वेगळी वाट आहे. तिला साधारण दोन वर्षे द्यावी लागतात, आणि हातात कॅथेटर मिळाला नाही तर ती वर्षे फुकट. अर्ज करण्याआधी तिथल्या आधीच्या फेलोला विचारा: पहिला ऑपरेटर म्हणून किती केसेस केल्या? डीबीएसच्या बाबतीत विचारा: प्रोग्रॅमर तुमच्या हातात असतो की कंपनीच्या माणसाच्या? प्रमाणपत्र रुग्णालयाचे आहे की विद्यापीठाचे, हेही लेखी घ्या. डीएम संपताच घाईने फेलोशिप घेण्यापेक्षा एखादे वर्ष स्वतंत्र काम केलेले बरे, असे माझे मत आहे. आपण कुठे अडतो ते कळल्यावर घेतलेली फेलोशिप दुप्पट फळते.

अमेरिकेत रस्ता वेगळा आहे आणि तुमचे एमडी तिथे वर्ष म्हणून धरले जात नाही. एकूण चार वर्षे: पहिले मुख्यतः इंटर्नल मेडिसिनचे, पुढची तीन न्यूरॉलॉजीची, ज्यात तीन महिने लहान मुलांची न्यूरॉलॉजी आणि एक महिना मानसोपचार. त्यानंतर स्ट्रोक, अपस्मार किंवा क्लिनिकल न्यूरोफिजिओलॉजीची बहुधा एक वर्षाची फेलोशिप, न्यूरोक्रिटिकल केअरला दोन. आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, चार आठवड्यांच्या सरासरीने. तिथली एक पद्धत मला आपल्याकडे फार हवीशी वाटते. बोर्डाच्या परीक्षेला बसण्याआधी रेसिडेंटने शिक्षकासमोर पाच खरे रुग्ण तपासून दाखवून पास व्हावे लागते: अतिदक्षतेतला, स्नायू-नसांच्या आजाराचा, ओपीडीतला, झिजेच्या आजाराचा आणि एक मूल. तुमच्या विभागात ही सक्ती नसली तरी दर सहा महिन्यांनी एका शिक्षकाला विनंती करून असा एक रुग्ण पूर्ण तपासून दाखवा. त्यांनी मध्ये न बोलता फक्त पाहावे आणि शेवटी चुका सांगाव्यात.

तिकडे जायचेच असेल तर यूएसएमएलई या अमेरिकी परवाना परीक्षेची स्टेप १ (जानेवारी २०२२ पासून फक्त पास-नापास) आणि स्टेप २ सीके, इंग्रजीसाठी ओईटी, सप्टेंबरात अर्ज, हिवाळ्यात मुलाखती, मार्चमध्ये मॅच (जागावाटप), जुलैत सुरुवात. अर्ज भरताना 'कॅटेगॉरिकल' (चारही वर्षांची) जागा आहे की 'अ‍ॅडव्हान्स्ड' ते नीट पाहा. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षाची मेडिसिनची जागा वेगळी मिळवावी लागते, आणि ती राहून गेली म्हणून मॅच होऊनही अडकलेले लोक असतात. जे-१ व्हिसावर गेलात तर प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहायचे, किंवा डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करून सूट मिळवायची. नीट-एसएस आणि यूएसएमएलई यांची तयारी एकाच वेळी करू नका. मेडिसिनचा पाया एकच असला तरी प्रश्नांची धाटणी निराळी आहे, आणि तुमच्या हातात असलेल्या दीड वर्षात एकच परीक्षा नीट होते.